बेळगावला लाइट रेल की बीआरटीएस? त्याआधी फेरीला लागणारा वेळ मोजू या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हुबळी-धारवाडला चिगरी बस धावते, पुण्यात मेट्रो आली. मग बेळगावला हलग्याच्या सुवर्णसौधापासून (कर्नाटक विधिमंडळाच्या इथल्या इमारतीपासून) उद्यमबाग-मच्छेपर्यंत लाइट रेल (मेट्रोपेक्षा छोटी, रुळांवरची गाडी) टाकावी की बीआरटीएस (वेगळ्या पट्टीतली जलद बस) करावी? शहर आणखी दाटायच्या आत हे ठरवून टाकायला नको का? शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की वडगावहून उद्यमबागला कामावर जाताना रोज बस बदलावी लागते आणि जवळच्याच अंतराला पाऊण तास मोडतो. मला हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मी मूळचा अनगोळचा. मार्ग आखणं, वेळापत्रक बांधणं, थांब्यावर उभं राहून प्रवासी मोजणं यात माझी सव्वीस वर्षं गेली. बहुतेक काम बेळगावबाहेर झालं, पण सणासुदीला गावी आलो की अजूनही सीबीटीवर, म्हणजे सिटी बसच्या मुख्य स्थानकावर, जाऊन थोडा वेळ उभा राहतो.

वडगाव आणि उद्यमबाग दोन्ही शहराच्या दक्षिणेला. तरी तुम्हाला आधी आत गर्दीत यावं लागतं आणि मग खानापूर रोडला लागावं लागतं, कारण आपल्या सिटी बसचे बहुतेक मार्ग सीबीटीभोवती गुंफलेले आहेत. पूर्वी हे बरोबर होतं. बाजार आत, कचेऱ्या आत, दवाखाने आत. आता कारखाने उद्यमबाग-मच्छेला, व्हीटीयू हे तांत्रिक विद्यापीठ मच्छेच्या पुढे, मोठं हॉस्पिटल नेहरूनगरला, नव्या वसाहती कणबर्गीकडे. माणसं कडेकडेने फिरायला लागली, बस मात्र अजून मध्यावर येऊनच वळते. त्यात मधे मिरज-लोंढा रेल्वेमार्ग शहर उभं चिरत जातो. कपिलेश्वरचा उड्डाणपूल, गोगटे सर्कलचा पूल, तिसऱ्या गेटचा पूल हे सगळे त्या एका रेषेला ओलांडण्यासाठीच आहेत. जिथे अजून फाटक आहे तिथून बस नेली, तर तिचं वेळापत्रक फाटकवाल्याच्या हातात जातं. म्हणजे तुमची अडचण गाडी कोणत्या जातीची आहे ही नाही. थेट मार्ग नाही आणि गाडी कधी येईल याचा भरवसा नाही, ही खरी अडचण आहे. लाइट रेल सुवर्णसौधाहून मच्छेला गेली, तरी वडगावच्या माणसाला तिच्यापर्यंत जायला बस लागणारच.

आता गाडीकडे येतो. कोणती गाडी हे एका आकड्यावर ठरतं: गर्दीच्या एका तासात, एका रस्त्यावरून, एका दिशेने किती माणसं जातात? शहराची लोकसंख्या त्यामानाने दुय्यम. २०११ च्या जनगणनेत बेळगाव महापालिका हद्दीत ४ लाख ८८ हजार आणि आसपासचा नागरी भाग धरून ६ लाख १० हजार लोक होते. त्यानंतर शहर बरंच वाढलंय, पण केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणात अशा विचारासाठी धरलेल्या २० लाखांच्या आसपासही नाही. छोट्या शहरांसाठी केंद्राने २०१९ मध्ये ‘मेट्रोलाइट’चे निकष काढले. हीच तुमची लाइट रेल, तासाला एका दिशेने १५ हजार प्रवाशांपर्यंतची. पुढच्या वर्षी ‘मेट्रो निओ’चे आले, म्हणजे रबरी चाकांची, वरच्या तारेवर चालणारी, ८ हजारांपर्यंतची. नाशिकच्या निओची घोषणा २०२१ च्या अर्थसंकल्पात झाली. रस्त्यावरच्या रुळांवर प्रवासी वाहणारी, आजवर टिकलेली व्यवस्था मात्र देशात एकच, कोलकात्याची ट्राम. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली.

आता एक हिशेब माझ्यासोबत करा. समजा खानापूर रोडवर सकाळच्या गर्दीत एका दिशेने तासाला १५०० माणसं सार्वजनिक गाडीने जायला तयार आहेत. हा आकडा समजण्यापुरता घेतला आहे. तीनशे माणसं नेणारी लाइट रेलची गाडी असेल तर तासाला पाच गाड्या पुरतात, म्हणजे दर १२ मिनिटांनी एक. साठ माणसांच्या बसने तीच माणसं न्यायची तर तासाला २५ बस, म्हणजे अडीच मिनिटांच्या आत एक. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला काय आवडेल? मागणी कमी असताना मोठी गाडी आणली की प्रवाशाचं उभं राहणं वाढतं, किंवा गाड्या रिकाम्या धावतात आणि तोटा वाढतो. तीच मागणी ७-८ हजारांवर गेली की हिशेब उलटतो. तेव्हा बसमागे बस लागते, थांबे तुंबतात, प्रत्येक गाडीला चालक-वाहक पुरवणं जड जातं. तिथे रुळांवरची गाडी आपली किंमत वसूल करते. बेळगावचा एखादा रस्ता उद्या तिथवर पोचू शकतो का? पोचू शकतो. आज तिथे आहे असं मला वाटत नाही.

मग बीआरटीएस? हुबळी-धारवाड आपल्याला जवळचं, म्हणून सगळे तेच उदाहरण देतात. ती बस सुमारे २२ किलोमीटरच्या पट्ट्यावर ऑक्टोबर २०१८ पासून धावू लागली, औपचारिक उद्घाटन फेब्रुवारी २०२० मध्ये झालं. तिथली एक गोष्ट आपल्याकडे नाही: दोन शहरं आणि मधे एकच सरळ धमनी. जाणारा-येणारा त्याच रस्त्यावर. तो रस्ता रुंद करून घेतला, थांब्यांपाशी मागच्या बसला पुढे निघायला जादा पट्टी ठेवली, म्हणून जलद आणि साधी अशा दोन्ही सेवा एकत्र चालल्या. आपलं शहर चहूबाजूंनी फुटलेलं आहे. आपल्याकडे एक मोठी धमनी नाही, आठ-दहा मध्यम आहेत.

दुसरं, रुंदी. येण्या-जाण्याच्या दोन बस पट्ट्या म्हणजे ७ मीटर, मधल्या थांब्याला ४, दोन्ही बाजूंना इतर वाहनांसाठी दोन-दोन पट्ट्या म्हणजे १४, आणि माणसाला चालता येईल असे फुटपाथ धरून आणखी ५. झाले ३० मीटर. टेप घेऊन गोवावेसला जा, काकतीवेसला जा, शहापूरच्या रस्त्यावर जा. घरं पाडल्याशिवाय ३० मीटर निघत नाहीत, आणि पाडायचीही गरज नाही. जुना पी. बी. रोड, खानापूर रोडचा बाहेरचा भाग, सांबऱ्याकडचा रस्ता इथे काही टप्प्यांत जागा काढता येईल. पुण्यात २००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसरला प्रयोग झाला, दिल्लीत २००८ ला सुरू झालेला मार्ग २०१६ ला उखडला. अहमदाबादचा जनमार्ग मात्र २००९ पासून टिकला. वेगळी पट्टी जिथे तुटक झाली तिथे बस वाहतुकीत अडकली, आणि पायी माणसाचा विचार जिथे शेवटी झाला तिथे थांबे ओस पडले.

यातली दुसरी चूक मी स्वतः केली आहे. एका शहरात (नाव सांगत नाही) मी ज्या गटात होतो त्याने रस्त्याच्या मधोमध थांबे आखले. बसचा वेळ सेकंदांत मोजला, पण थांब्यापर्यंत पोचायला माणसाला दोनदा रस्ता ओलांडावा लागतो हे कागदावर नीट मांडलंच नाही. सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तिथे उभा होतो. एका बाईने दोन दप्तरं एका हातात घेतली, दुसऱ्या हाताने मुलाला उचलून लोखंडी कठड्यावरून पलीकडे ठेवलं आणि मग स्वतः साडी सावरत चढली. हिरवा सिग्नल मिळायला तिला फार वेळ लागत होता, आणि समोर बस सुटत होती. त्या दिवसापासून माझ्या कुठल्याही आराखड्याचं पहिलं पान पायी चालणाऱ्याचं असतं.

बेळगावसाठी माझं म्हणणं स्पष्ट आहे: पहिली गुंतवणूक बसच्या वेळेत करा. त्यातला सगळ्यात मोठा फायदा लोकांच्या लक्षात येत नाही म्हणून जरा उलगडून सांगतो. एका मार्गावर आठ बस आहेत. जाऊन-येऊन आणि टोकावरच्या विश्रांतीसह एका फेरीला ८० मिनिटं लागतात. ऐंशी भागिले आठ, म्हणजे दर १० मिनिटांनी बस. आता चौकातली अडवणूक आणि थांब्यावरचा खोळंबा कमी करून फेरी ६० मिनिटांत आणली, तर त्याच आठ बस दर साडेसात मिनिटांनी येतील. एकही नवी गाडी नाही, एकही नवा चालक नाही, आणि तासाला सहाच्या जागी आठ बस. उलटही तितकंच खरं. रहदारी वाढून फेरी १०० मिनिटांची झाली की तोच मार्ग साडेबारा मिनिटांवर जातो आणि प्रवासी दुचाकी घेतो. बेळगावात गेल्या काही वर्षांत हेच झालंय.

मग ही वीस मिनिटं कुठे सापडतात? सकाळी पावणेनऊला गोवावेसच्या थांब्यावर या. थांब्यासमोर रिक्षा उभ्या, म्हणून बस कडेला न लागता रस्त्यातच थांबते. मागचं सगळं अडतं. चढणारे-उतरणारे एकाच दारात एकमेकांना रेटतात. पुढे वाहक गर्दीतून वाट काढत तिकीट फाडतो. जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांचा प्रवास मोफत झाला, ही फार मोठी गोष्ट आहे. कारखान्यात, घरकामाला, कॉलेजला जाणाऱ्या कितीतरी बायका-मुली त्यामुळे बसकडे वळल्या. पण शून्य रुपयाचं तिकीटही द्यावंच लागतं, ओळखपत्र बघावं लागतं. गाडी भरली की तिकिटं पुरी होईपर्यंत ती कुठेतरी थांबून राहते. यावर उपाय अवघड नाहीत: कार्ड टेकवून चढण्याची सोय, एका दारातून चढणं आणि दुसऱ्यातून उतरणं, गर्दीच्या मोठ्या थांब्यांवर जमिनीवरच तिकीट देणारा माणूस, थांब्याच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस मीटर कोणतंही वाहन उभं करायला बंदी. आणि ठरावीक चौकांच्या अलीकडे शंभर मीटरची फक्त बससाठी पट्टी, म्हणजे बस रांगेच्या पुढे जाऊन सिग्नलला पहिली उभी राहील. जुन्या पेठेत पूर्ण पट्टी मिळत नाही, पण शंभर-शंभर मीटरचे हे तुकडे मिळतात.

बसची संख्याही वाढवावी लागेल. केंद्राच्या सेवा-निकषात हजारी ०.६ बस ही चांगली पातळी धरली आहे. २०११ चीच ६ लाखांची लोकसंख्या घेतली तरी ३६० बस होतात. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या पीएम ई-बस सेवेतून देशभरासाठी १० हजार विजेच्या बस आहेत. आपल्यासारख्या शहरांनी तिथे नेट लावायला हवा, आणि ती मागताना डेपोची जागा आणि चार्जिंगची वीज आधी तयार ठेवायला हवी.

तुम्हाला रूळच हवे असतील तर ते आपल्याकडे आहेत. लाइट रेलची चर्चा करताना हे कसं सुटतं याचं मला दर वेळी वाईट वाटतं. खानापूर, देसूर, बेळगाव, सांबरा, सुळेभावी ही स्टेशनं एका ओळीत आहेत. देसूर-मच्छेकडे कारखाने आणि कॉलेज, मधे शहर, पलीकडे सांबऱ्याला विमानतळ. दुहेरीकरण आणि विद्युतीकरणामुळे या मार्गावर सकाळ-संध्याकाळ मेमूच्या (विजेवरच्या लोकल गाडीच्या) काही फेऱ्या मागणं वास्तवाला धरून आहे. उद्यमबागेजवळ एक हॉल्ट मिळाला तर सोन्याहून पिवळं. मात्र एक्स्प्रेस आणि मालगाड्यांच्या मधून वाट काढायची असल्याने ही गाडी दर पाच मिनिटांनी धावणार नाही. अर्ध्या-एक तासाने धावली तरी खानापूरहून येणाऱ्या नोकरदाराचा दिवस सुधारेल. स्टेशनबाहेर तिच्या वेळेला जोडलेली सिटी बस मात्र हवीच.

सुवर्णसौधाबद्दल. २०१२ साली उभी राहिलेली ती वास्तू मोठी आहे, पण अधिवेशन हिवाळ्यात, साधारण दोन आठवड्यांचं. वर्षभराचा मार्ग त्या गर्दीवर बेतता येत नाही. तुमच्या आखणीतलं उद्यमबाग-मच्छेचं टोक मला पटलं. दुसरं टोक हलग्याऐवजी नेहरूनगर-काकतीच्या बाजूला नेऊन बघा, कारण हॉस्पिटल, कॉलेज आणि ऑटोनगर तिकडे आहेत.

आता आपल्या भागाची खास गोष्ट. सीमाभागात माणसांचा प्रवास महापालिकेच्या हद्दीत संपत नाही आणि राज्याच्या हद्दीतही नाही. महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातला माणूस दवाखान्याला, कॉलेजला, लग्नाच्या खरेदीला बेळगावला येतो. इकडची मुलं हद्दीपलीकडच्या शिनोळीच्या कारखान्यांत जातात. हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, तुरमुरी, बाची आणि मग शिनोळी, अशी ही वेंगुर्ला रोडची साखळी. शहराच्या सर्वेक्षणात या माणसांना ‘बाहेरून आलेले’ म्हणून एका रकान्यात टाकतात आणि विसरतात. दोन राज्यांच्या बस आंतरराज्य करारात ठरलेल्या फेऱ्यांनी चालतात. वातावरण तापलं की त्या थांबतात, आणि वडापने दुप्पट पैसे मोजून घरी जावं लागतं. त्याचा त्रास कानडी-मराठी असा भेद करत नाही. माझ्या मते बाचीपर्यंत दर पंधरा मिनिटांनी सिटी बस हवी, आणि शिनोळीच्या बाजूने चंदगडकडची एसटी तिला वेळ जुळवून मिळायला हवी. सावलीचा थांबा, पाणी, स्वच्छतागृह आणि दोन्ही बाजूंचं वेळापत्रक एका फलकावर, एवढं झालं तरी करार न बदलता प्रवास सोपा होतो.

पाट्यांचंही तेच. गावाकडची म्हातारी माणसं कोणी फक्त कन्नड वाचतात, कोणी फक्त मराठी, कोणी दोन्ही नाही. मार्गाला लांबूनही वाचता येईल असा मोठा क्रमांक आणि प्रत्येक दिशेला एक रंग दिला, तर ‘ही वडगावला जाते का?’ असं प्रत्येक बसच्या दाराशी विचारत पळावं लागणार नाही. नावं दोन्ही भाषांत असावीत असं माझं मनापासून मत आहे. पण निदान आकडा आणि रंग तरी उद्यापासून करता येतील.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे मान्य करतो. रस्ते एका हातात नाहीत: महापालिका, कॅन्टोन्मेंट, बांधकाम खातं, महामार्ग, रेल्वे, आणि बस चालवणारं हुबळीचं वायव्य परिवहन मंडळ. या सगळ्यांना एका टेबलाशी बसवणारं कायम मंडळ झालं नाही तर वरचं निम्मं कागदावर राहील. जमिनीचं तर फारच जपून. वडगाव, शहापूर, अनगोळ, येळ्ळूरच्या शिवारातल्या काळ्या भातजमिनीवरून हलगा-मच्छे बायपासचा संघर्ष वर्षानुवर्षं चालला आहे. डेपो किंवा नवा मार्ग त्याच शिवारातून काढायचा विचारही करू नये. ऑटोनगर, उद्यमबागसारख्या भागात आधीच बिगरशेती झालेली जागा शोधावी. लाइट रेलसाठी आज एकच काम करावं: वाढणाऱ्या दोन-तीन रस्त्यांवर विकास आराखड्यात ३० मीटर रुंदी राखून ठेवावी आणि तिच्यावर बांधकाम परवाने देऊ नयेत. आधी तिथे बस धावेल. मागणी खरंच सात-आठ हजारांवर गेली तर त्याच जागेवर पुढची पिढी रूळ टाकेल.

थोडक्यात क्रम असा: वडगाव-अनगोळ-उद्यमबागसारखे आडवे थेट मार्ग, मग थांबे आणि चौकांतला वेळ, मग बसची संख्या, सोबत रेल्वेची मेमू, आणि रुंदी राखून ठेवणं. रुळांचा निर्णय मोजणीनंतर.

ती मोजणी तुम्हीही सुरू करू शकता. चार मित्र घ्या: एक गोवावेसला, एक आरपीडी क्रॉसला, एक तिसऱ्या गेटाशी, एक सीबीटीवर. सकाळी आठ ते साडेदहा, दर पंधरा मिनिटांचा वेगळा रकाना. प्रत्येक बसचा क्रमांक, यायची वेळ, सुटायची वेळ, आणि आत किती माणसं हे अंदाजे पाच गटांत: रिकामी, अर्ध्या सीटा, सगळ्या सीटा, उभी माणसं, दारात लोंबकळणारी. वडाप आणि रिक्षांतली माणसंही मोजा, कारण तीच उद्याची बसची माणसं आहेत. मे महिन्यात करू नका, कॉलेजं बंद असतात. गणपतीत नको, डिसेंबरच्या अधिवेशनात नको. जुलैतला एक बुधवार घ्या आणि बाजाराचा एक शनिवार घ्या. कागद जमले की इथेच टाका, फेरीचा वेळ आणि बसची गरज कशी काढायची ते त्याच आकड्यांवर मांडून दाखवतो.